फ्रॅजाइल एक्स: रक्ताच्या नळीपासून मावशीच्या फोनपर्यंत

मुलाला ऑटिझम आहे असं सांगून डॉक्टरांनी फाइल हातात दिली, थेरपीचे वार ठरले, शाळेशी बोलणं झालं. बहुतेक घरांत शोध इथेच थांबतो. तो थांबू नये असं माझं मत आहे, आणि ही कृती त्या पुढच्या टप्प्याची आहे.

ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, हे निदान मूल कसं वागतं, कसं बोलतं, कसं खेळतं ते पाहून होतं. ते कशामुळे झालं याचा त्या कागदावर उल्लेख नसतो. काही मुलांच्या बाबतीत हा ‘कशामुळे’ एका रक्तचाचणीत सापडतो. ऑटिझमच्या मागे एकच जनुक असल्याची जी कारणं आज माहीत आहेत, त्यांत सगळ्यांत जास्त आढळणारं कारण म्हणजे फ्रॅजाइल एक्स. पिढ्यान्‌पिढ्या उतरत येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचंही तेच सगळ्यांत मोठं कारण.

दोन्हींची गुंतागुंत अशी आहे. ऑटिझम असलेल्या शंभर मुलांत साधारण दोघांना फ्रॅजाइल एक्स निघतो. उलट बाजूने पाहिलं तर फ्रॅजाइल एक्स असलेल्या मुलग्यांपैकी जवळपास निम्मे ऑटिझमच्या निकषांत बसतात, आणि मुलींपैकी अंदाजे पाचांत एक. त्यामुळे ‘मग त्याला ऑटिझम नव्हताच का?’ असं विचारू नका. एकाच मुलाला दोन्ही असतं, आणि रक्ताचा रिपोर्ट आला म्हणून ऑटिझमचं निदान रद्द होत नाही.

शंभरांतल्या दोघांसाठी बाकीच्यांनी रक्त का द्यायचं, हा प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर असं की निदान त्या दोघांपुरतं राहत नाही. त्यांच्या मावशीला, मामेबहिणीला आणि आजोबांनाही त्यातून काही कळायचं असतं.

ही तपासणी कोणाची करावी? ऑटिझमचं निदान झालेल्या, कारण न कळलेली बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा एकूणच विकास मागे पडलेल्या मुलाची. मुलगा असो वा मुलगी. मात्र मुलाची आई आत्ता गरोदर असेल तर खालचे टप्पे वाचत बसू नका. आजच जेनेटिक्सच्या डॉक्टरांची वेळ घ्या आणि मुलाबरोबर तिचंही रक्त लगेच पाठवा.

कृती म्हटली की आधी साहित्य आलं. मुलाचे आजवरचे सगळे रिपोर्ट, एक मोठा कोरा कागद, मोबाइलचा कॅमेरा आणि आईच्या माहेरचं एखादं म्हातारं माणूस, ज्याला कोणाचा कोण लागतो ते तोंडपाठ आहे.

१. जुन्या रिपोर्टांत काय तपासलं आणि काय नाही ते पाहा

‘आमच्या सगळ्या जेनेटिक टेस्ट झाल्या, नॉर्मल आल्या’ असं सांगणाऱ्या पालकांच्या फाइलमध्ये बऱ्याचदा फ्रॅजाइल एक्सची चाचणी नसते. कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची मोजदाद, नॉर्मल असली तरी फ्रॅजाइल एक्स असू शकतो. मायक्रोअरे नॉर्मल असला तरी असू शकतो. महागडी एक्झोम चाचणीसुद्धा हा दोष भरवशाने पकडत नाही, कारण इथे जनुकातलं अक्षर बदललेलं नसतं. तीच तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येऊन लांबी वाढलेली असते, आणि ही लांबी मोजायला वेगळी पद्धत लागते.

घोटाळ्याला जुना इतिहासही आहे. मार्टिन आणि बेल यांनी १९४३ मध्ये एका घराण्याची नोंद केली, ज्यात बौद्धिक अक्षमता मुलग्यांमध्ये आणि आईकडून उतरत होती. १९६९ मध्ये लब्स यांना अशाच एका कुटुंबात एक्स गुणसूत्राचं टोक तुटल्यासारखं दिसलं. ते सगळ्याच प्रयोगशाळांना दिसेना. पुढे १९७७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सदरलँड यांनी दाखवून दिलं की पेशी फॉलिक ॲसिड कमी असलेल्या द्रावणात वाढवल्या तरच ते दिसतं. त्यामुळे पूर्वी हे निदान गुणसूत्रं पाहून होत असे, आणि ते निसटतही असे. १९९१ मध्ये एफएमआर-१ हे जनुक सापडलं आणि थेट डीएनए मोजता येऊ लागला. तुमच्या फाइलमध्ये ‘एफएमआर-१, सीजीजी रिपीट’ असे शब्द असलेला कागद नसेल, तर ती चाचणी झालेली नाही असं धरून चाला.

२. वंशावळ काढा, आणि माहेरची बाजू मोठी ठेवा

कागद आडवा धरा. पुरुषासाठी चौकोन, बाईसाठी वर्तुळ. मूल खाली, त्याच्या वर आईवडील, त्यांच्या वर दोन्हीकडचे आजी-आजोबा. आता आईच्या बाजूला प्रत्येक मावशी, प्रत्येक मामा, त्यांची मुलं. आजीची भावंडं, आजोबांची भावंडं आणि त्यांची मुलं, असं पसरत जा. इंग्रजी फॉर्मवर सगळ्यांना ‘कझिन’ लिहून मोकळं होतात. तुम्ही मावसभाऊ, मामेबहीण, आतेभाऊ असं स्पष्ट लिहा. डॉक्टरांना नेमकं तेच हवं असतं.

नावं लिहून झाली की प्रत्येकापाशी थांबून तीन गोष्टी विचारा.

पहिली उघड आहे. कोणी शाळेत अजिबात टिकलं नाही, उशिरा बोललं, ‘साधाभोळा’, ‘थोडा कमी’ म्हणून घरीच राहिलं, असं कोणी होतं का? म्हाताऱ्या माणसाशिवाय हे कळत नाही. आजीचा एक भाऊ गुरं सांभाळायचा आणि पाहुणे आले की गोठ्यात जाऊन बसायचा, ही माहिती कुठल्याच रिपोर्टात नसते.

दुसरी गोष्ट बायकांची. कोणाची पाळी चाळिशीच्या आत गेली का? मूल होत नाही म्हणून कोणावर उपचार झाले का? फ्रॅजाइल एक्सच्या वाहक बायकांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याच्या बायकांमध्ये बीजांडकोश लवकर थकतो. घरात ही गोष्ट कुजबुजीत बोलली जाते, म्हणून आईने एकटीने आपल्या मावशीकडे बसून विचारलेली बरी.

तिसरी म्हाताऱ्यांची. आईच्या वडिलांचा, किंवा त्यांच्या भावाचा, पन्नाशी-साठीनंतर पेला धरताना हात थरथरतो का? चालताना तोल जातो का? वाहक पुरुषांत उतारवयात कंप आणि तोल जाण्याचा एक आजार होतो. तो २००१ मध्ये वैद्यकशास्त्राच्या नजरेस आला, आणि अजूनही त्याच्यावर पार्किन्सन्स समजून उपचार होताना दिसतात. नातू बोलत नाही आणि आजोबांचा हात कापतो, या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं कोणाच्या ध्यानीमनीही नसतं.

डॉक्टर ‘नात्यात लग्न झालंय का?’ असं विचारतील. उत्तर ‘नाही’ असलं की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात: म्हणजे आनुवंशिक नाही! तो प्रश्न दुसऱ्या प्रकारच्या आजारांसाठी असतो. फ्रॅजाइल एक्सला नात्यातलं लग्न लागत नाही. एकटी आई वाहक असली की पुरतं.

३. मुलाकडे नव्याने पाहा आणि छोटे व्हिडिओ काढा

लांबट चेहरा, मोठे पुढे आलेले कान, सपाट तळवे, मागे वाकणारी बोटं ही पुस्तकातली लक्षणं. ती वाचून ‘आमच्यात असं काही नाही’ म्हणू नका. तीन-चार वर्षांच्या मुलात ती दिसतातच असं नाही, आणि मोठे अंडकोश हे लक्षण तर वयात आल्यावरचं आहे. वागण्यातून जास्त कळतं.

घरी ओळखीचं कोणी आलं की काय होतं ते पाहा. निव्वळ ऑटिझम असलेली काही मुलं पाहुण्यांकडे फिरकतही नाहीत. फ्रॅजाइल एक्सचं मूल पुष्कळदा पाहुणा आल्यावर खुलतं, जवळ येतं, हातसुद्धा पुढे करतं. पण हात देताना मान आणि खांदा पूर्ण वळवून दुसरीकडे बघतं. माणसं हवीत, पण नजर सोसवत नाही. त्याच क्षणी दुसरा हात फडफडतो किंवा तोंडात जातो. अंगठ्याच्या मुळाशी, जिथे ते चावतं, तिथली कातडी जाड झालेली असू शकते. ते बघा.

असे एक-दोन मिनिटांचे दोनतीन व्हिडिओ पुरेत: पाहुणा आल्यावर, जेवताना, गर्दीत. दवाखान्याच्या खोलीत मूल वेगळंच वागतं, आणि मग ‘घरी असं नाही हो करत’ हे सांगण्यात वेळ जातो. कान वारंवार वाहतो का, डोळा तिरका आहे का, कधी झटका आला होता का, हेही मागे लिहून ठेवा.

लक्षणं जुळली नाहीत म्हणून चाचणी टाळू नका. लक्षणांवरून ओळखता आलं असतं तर एवढी मुलं सुटली नसती.

४. चाचणी नेमक्या शब्दांत मागा

विकासात्मक बालरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेडिकल जेनेटिक्सचे डॉक्टर ही चाचणी लिहून देऊ शकतात. मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांशी जोडलेल्या वैद्यकीय महाविद्यालयांत चौकशी करा. तालुक्याच्या गावी असाल तर जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्रातून वरच्या रुग्णालयासाठी चिठ्ठी मिळते. हे केंद्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली चालतं आणि तिथली तपासणी मोफत असते.

चिठ्ठीवर असं लिहून घ्या: ‘एफएमआर-१ सीजीजी रिपीट ॲनालिसिस, ट्रिप्लेट प्राइम्ड पीसीआरने, लांबी वाढलेली आढळल्यास मेथिलेशन.’ लॅबला पैसे भरण्याआधी विचारा, मेथिलेशनचे पैसे वेगळे लागतील का? काही ठिकाणी पहिली चाचणी स्वस्त दाखवतात आणि खरी मोजणी दुसऱ्या बिलात येते. ‘फक्त हो किंवा नाही’ सांगणारा रिपोर्ट घेऊ नका, आकडा हवा.

रक्त थोडंच लागतं, जांभळ्या झाकणाच्या नळीत, आणि उपाशीपोटी यायची गरज नसते. तरीही तो दिवस सोपा नसतो. सकाळची पहिली वेळ मागा, म्हणजे गर्दी नसते. सुई टोचायच्या जागी बधिर करणारं मलम आधी तासभर लावून ठेवता येतं. ते डॉक्टरांना विचारा. मुलाला समोरून धरू नका, मांडीवर पाठमोरं घ्या.

५. रिपोर्ट वाचायला शिका

एफएमआर-१ या जनुकाच्या सुरुवातीला सीजीजी ही तीन अक्षरं ओळीने काही वेळा येतात. किती वेळा, एवढंच मोजायचं असतं.

५ ते ४४ हा सर्वसाधारण आकडा. ४५ ते ५४ सीमेवरचा; यात मुलाला त्रास नाही, पण पुढच्या पिढ्यांत आकडा हलू शकतो. ५५ ते २०० म्हणजे प्रीम्युटेशन. अशी व्यक्ती वाहक, बुद्धीने बहुधा तुमच्याआमच्यासारखीच. २०० च्या पुढे फुल म्युटेशन. तिथे त्या भागावर मेथिलेशनचं कुलूप बसतं, जनुक बंद पडतं आणि एफएमआरपी नावाचं प्रथिन तयार होत नाही. मेंदूतल्या पेशींच्या जोडण्या घडवताना-छाटताना हे प्रथिन लगाम ओढायचं काम करतं.

मुलग्याच्या रिपोर्टात एकच आकडा असतो, कारण त्याला एक्स एकच. मुलीच्या किंवा आईच्या रिपोर्टात दोन. समजा आईच्या कागदावर ‘३०, ९२’ असं आहे. याचा अर्थ तिचं एक एक्स सर्वसाधारण आणि दुसरं प्रीम्युटेशनचं. प्रत्येक गरोदरपणात ९२ वालं एक्स बाळाकडे जाण्याची शक्यता निम्मी. आणि ते गेलंच, तर जाता जाता फुगून २०० च्या पार होण्याची शक्यता खूप मोठी. आईचा आकडा साठीच्या आसपास असेल तर हे क्वचित घडतं. ऐंशी ओलांडली की निम्म्याहून जास्त वेळा. शंभरीच्या पुढे जवळपास नेहमीच. मधेमधे एजीजी ही अक्षरं आलेली असतील तर आकडा जरा स्थिर राहतो, म्हणून काही लॅब तेही मोजतात.

बापाकडून जाताना आकडा असा फुगत नाही. वाहक पुरुषाच्या सगळ्या मुली वाहक होतात आणि मुलग्यांपैकी एकही नाही, कारण मुलग्याला तो एक्स देतच नाही. आईचे वडील ठणठणीत, हिशोबात पक्के, आयुष्यभर नोकरी केलेले, आणि नातवाला फुल म्युटेशन, हे म्हणूनच शक्य आहे.

रिपोर्टात ‘मोझेक’ असा शब्द आला तर काही पेशींत जनुक बंद आहे आणि काहींत थोडंफार चालू आहे असं समजायचं. अशी मुलं काही वेळा जरा बरं करतात, पण त्या एका शब्दावरून भविष्य सांगता येत नाही. फुल म्युटेशन असलेल्या मुलींबद्दलही तसंच. दुसरं एक्स बरंच सावरून घेतं. एखादीला फक्त गणिताची आणि चारचौघांत बोलण्याची धास्ती असते, एखादीला स्पष्ट बौद्धिक अक्षमता असते.

आणि रिपोर्ट सर्वसाधारण आला तर? बहुतेकांचा तसाच येणार आहे. ऑटिझमचं निदान कायम, थेरपी चालू, फाइलमध्ये एका कारणावर काट. पुढे मायक्रोअरे किंवा एक्झोम करायची का ते जेनेटिक्सच्या डॉक्टरांबरोबर ठरवा. ही कृती तुमच्यापुरती इथे संपली.

६. घरच्यांना सांगा, पण क्रमाने

हा टप्पा सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत जास्त टाळला जाणारा. मुलाचा रिपोर्ट फुल म्युटेशन म्हणाला की आईचं रक्त तपासायचं. आईचा आकडा कळला की सासरी एखादं वाक्य हमखास ऐकू येतं: ‘म्हणजे सुनेकडूनच आलं.’ हे वाक्य घरात पडायच्या आधीच नवऱ्याने आपल्या आईवडिलांशी बोलावं. कोणालाही आपलं गुणसूत्र निवडता येत नाही, आणि वाहक बायका काही दुर्मीळ नाहीत. परदेशातल्या पाहण्यांत साधारण दीडशे ते तीनशे बायकांमागे एक असा हिशोब निघतो. हे बोलणं सुनेवर ढकलणारा नवरा मला पटत नाही.

मग आईचे आईवडील. दोघंही असतील तर दोघांचीही तपासणी करा, कारण त्यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. आजोबा वाहक निघाले तर सगळ्या मावश्या वाहक, हे न तपासताच कळलं. आणि सगळे मामा यातून मोकळे. आजी वाहक निघाली तर प्रत्येक मावशी आणि प्रत्येक मामा यांची शक्यता निम्मी निम्मी, प्रत्येकाला तपासावं लागणार. आजोबा हयात नसतील आणि आजीचा रिपोर्ट सर्वसाधारण आला, तर आकडा आजोबांकडून आला असं बहुतेक धरता येतं. मग त्यांच्या बहिणी आणि भावांच्या मुली हाही धागा उघडतो.

सांगायचं कसं? कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रिपोर्टचा फोटो टाकू नका. एकेकीला फोन करा, आणि नंतर लिहून पाठवा, कारण फोनवर आकडे लक्षात राहत नाहीत. मजकूर असा काहीसा चालेल:

‘ताई, बाळाच्या तपासणीत फ्रॅजाइल एक्स निघालंय. हे आईकडून मुलाकडे येतं. माझी तपासणी झाली, मी वाहक आहे. तूही असू शकतेस. तुला काही आजार आहे असा याचा अर्थ नाही. पण पुढचं मूल ठरवायच्या आधी, किंवा पाळीची काही तक्रार असेल तर, एफएमआर-१ ही चाचणी करून घे. माझा रिपोर्ट सोबत पाठवते, तो डॉक्टरांना दाखव. घाई नाही, पण विसरू नकोस. हे मी फक्त तुला सांगितलंय.’

एखादी मावशी म्हणेल, मला जाणून घ्यायचं नाही. तिचा हक्क आहे. तुम्ही सांगितलंत, तुमचं काम झालं. पाठपुरावा करून तिला हैराण करू नका.

लग्नाच्या वयाची मामेबहीण ही यातली नाजूक जागा. आपल्याकडे काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्न होतं. मामा वाहक असेल तर त्याची प्रत्येक मुलगी वाहक असणार. मग नवरा बाहेरचा असो की आतेभाऊ असो, तिच्या बाळांना तिच्याकडून येणारा धोका सारखाच; पण नात्यातच लग्न ठरतंय तर दोन्हीकडच्यांना आधीच सांगता तरी येतं. तिला स्वतःला सांगा, तिच्या वडिलांना परस्पर नको. शाळकरी, काहीही त्रास नसलेल्या मुलींची वाहक तपासणी सहसा करत नाहीत. ती मोठी होऊन स्वतः ठरवेल.

वाहक निघालेल्या बाईने स्त्रीरोगतज्ज्ञांना हे सांगून ठेवावं, मूल हवं असेल तर फार लांबवू नये. हात थरथरणाऱ्या आजोबांच्या मेंदूविकारतज्ज्ञांना नातवाचा रिपोर्ट दाखवावा.

७. पुढचं गरोदरपण

वाहक आईला गर्भजल किंवा वारेचा अंश घेऊन गर्भाची तपासणी करता येते. वारेची साधारण ११ ते १३ आठवड्यांत, गर्भजलाची १५ आठवड्यांनंतर. दुसरा मार्ग आयव्हीएफमध्ये गर्भ आत ठेवण्याआधीच तपासण्याचा. लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला १९९४ च्या कायद्यात परवानगी आहे, पण मुलगा की मुलगी हे सांगायला बंदीच आहे, आणि फ्रॅजाइल एक्समध्ये तर निकालाचा अर्थ लिंगावर पुष्कळ अवलंबून असतो. म्हणून हे बोलणं जेनेटिक्सच्या डॉक्टरांशी गरोदर राहण्याआधी झालेलं बरं. काय करायचं हे त्या दोघांनी ठरवायचं. सासू, नणंद, शेजारीण आणि हा लेख लिहिणारं माणूस यांपैकी कोणी नाही.

८. थेरपीत काय बदलायचं

मुलाची थेरपी आधीच चालू असेल. ती सोडू नका. पण थेरपिस्टना रिपोर्ट दाखवा आणि काही गोष्टी बदलून घ्या, कारण इथे कारण कळल्याचा फायदा रोज मिळतो.

‘माझ्याकडे बघ’ हे वाक्य बंद करा. ऑटिझमच्या थेरपीत नजरेला नजर मिळवायला लावतात, पण फ्रॅजाइल एक्सच्या मुलाचं शरीर त्या क्षणी धोक्याच्या घंटेवर असतं. समोर बसू नका, शेजारी बसा आणि दोघंही वस्तूकडे बघा. नजर आपोआप कधीतरी येते. थेट प्रश्नही टाळा. ‘हे काय आहे?’ विचारलं की गप्प होणारं मूल ‘आता आपण बसने जाणार...’ असं वाक्य अर्धवट सोडलं की चटकन ‘आजीकडे’ म्हणून पुरं करतं.

क्रमाने एकेक पायरी चढणं या मुलांना जड जातं. पूर्ण चित्र एकदम दिसलं की कळतं. आपली बाराखडी म्हणजे क्रमाचा कळसच. क, का, कि, की घोकून घेण्यापेक्षा ‘आई’, ‘दूध’, ‘बस’, ‘चप्पल’ असे आख्खे शब्द फोटोसकट कार्डावर द्या. काही मुलं अशीच वाचायला लागतात आणि बाराखडी मागून येते. आकडेमोड बहुतेकांना अखेरपर्यंत अवघड राहते, म्हणून हातचा घेण्यावर वर्षं घालवण्यापेक्षा दुकानात नोट देऊन सुटे परत घेणं शिकवा.

नकलेत ही मुलं पक्की असतात. याचा उपयोग शाळा निवडताना करा: नीट बोलणाऱ्या मुलांमध्ये बसलं तर तशी वाक्यं उचलतात. शिव्याही उचलतात, आणि अचूक ठिकाणी वापरतात, तेव्हा हसू दाबून ठेवा.

मिरवणूक, ढोल-ताशा, लग्नाचा बँड, मॉल ही दंगा होण्याची ठिकाणं. जायचंच असेल तर आधी फोटो दाखवून क्रम सांगा, कानावर हेडफोन द्या आणि बाहेर पडायची वाट आधी बघून ठेवा. मूल हात चावायला लागलं म्हणजे ते कधीच भरून आलेलं असतं. त्याच्या आधीची खूण शोधा. कोणाचे कान लाल होतात, कोणी एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतं.

वैद्यकीय बाजू थोडक्यात: कान आणि डोळे लवकर तपासून घ्या, हृदयाच्या झडपेसाठी डॉक्टरांनी छाती ऐकावी, आणि टक लावून हरवल्यासारखं होत असेल तर ईईजी. दहातल्या एकदोघा मुलांना झटके येतात. चंचलपणा, धास्ती आणि झोप यांवर औषधं आहेत आणि ती नीट दिली तर थेरपी लागू पडते. मूळ जनुक चालू करणारं औषध आज नाही. उंदरांवर छान काम केलेल्या काही औषधांच्या माणसांवरच्या मोठ्या चाचण्या गेल्या दशकात अपयशी ठरल्या. फॉलिक ॲसिडच्या गोळ्यांनीही ठोस फरक दिसलेला नाही. स्टेम सेलच्या जाहिराती करणाऱ्यांना लांबूनच नमस्कार करा. ऑटिझमसाठी त्या उपचाराची शिफारस नसल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्येच सांगितलेलं आहे.

समदुःखी पालक शोधायचे असतील तर फ्रॅजाइल एक्सच्या कुटुंबांसाठी काम करणारी, पालकांनीच उभी केलेली फ्रॅजाइल एक्स सोसायटी मुंबईत आहे.

९. कागदपत्रं

दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या एकवीस प्रकारांत ‘फ्रॅजाइल एक्स’ हे नाव नाही. त्यात ऑटिझम आहे आणि बौद्धिक अक्षमता आहे. म्हणून यूडीआयडी कार्डासाठी ऑनलाइन अर्ज करताना जनुकाच्या नावापेक्षा मुलाला काय जमतं आणि काय जमत नाही यावर मोजमाप होणार हे लक्षात ठेवा. ऑटिझमसाठी आयएसएए ही भारतीय मोजपट्टी वापरतात, बुद्धीसाठी वेगळी चाचणी असते. दोन्ही करून घ्या, नाहीतर अर्धंच चित्र प्रमाणपत्रावर येतं. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. तपासणीच्या दिवशी मुलाला चांगले कपडे घाला, पण त्याच्याकडून पाठ केलेली उत्तरं वदवून घेऊ नका. तिथे हुशारी दाखवून काही पदरात पडत नाही.

कार्ड आलं की नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत नाव घाला; वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विम्याचं कवच असतं आणि थेरपीचा काही खर्चही त्यात बसतो. मूल अठरा वर्षांचं झालं की कायद्याच्या नजरेत आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. नॅशनल ट्रस्ट कायद्याखालच्या स्थानिक समितीकडे, जिच्या प्रमुखपदी जिल्हाधिकारी असतात, कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. बँकेत अडल्यावर हे कळण्यापेक्षा सतराव्या वर्षीच कागद जमवायला लागा: जन्मदाखला, यूडीआयडी, आईवडिलांचं ओळखपत्र, आणि आपल्यामागे पालक व्हायला तयार असलेल्या नातेवाइकाची लेखी संमती. ही संमती देणारं माणूस जेवढं लवकर ठरेल तेवढं मुलाला त्याची सवय व्हायला वेळ मिळतो.